सौरवीज : अनुदान, हप्ता आणि चौथा प्रश्न

घराच्या छतावर सौर संच बसविण्यासाठी कर्ज मागावयास येणारा ग्राहक बहुधा तीन प्रश्न विचारतो. अनुदान किती मिळेल, मासिक हप्ता किती पडेल आणि विजेचे बिल कितीने उतरेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर छापील आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये, म्हणजे अधिकाधिक ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. ईशान्येकडील व डोंगराळ राज्यांसाठी ते थोडे अधिक आहे. हप्त्याचे उत्तर संगणक क्षणात देतो. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र विक्रेता, शेजारी आणि कधीकधी आम्ही बँक कर्मचारीही फार सहजपणे देऊन टाकतो : ‘बिल जवळजवळ शून्य होईल.’

ते होईल की नाही, हे एका चौथ्या प्रश्नावर अवलंबून असते आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. आपल्या घरात वीज खर्च होते ती दिवसाच्या कोणत्या वेळी?

तीन किलोवॉटचा संच निरभ्र दिवशी सुमारे १२ युनिट वीज देतो. परंतु ही वीज दिवसभर सारख्या प्रमाणात येत नाही. सकाळी नऊपर्यंत तिचा ओघ क्षीण असतो, अकरा ते दोन या वेळात तो भरात येतो आणि चारनंतर उतरू लागतो. आपल्या घरांची दिनचर्या नेमकी याच्या उलट आहे. पहाटे गिझर, सकाळी मिक्सर आणि इस्त्री, संध्याकाळी स्वयंपाक, दिवे व दूरचित्रवाणी आणि उन्हाळ्यात रात्रभर वातानुकूलन यंत्र. ऐन दुपारी, छतावर वीज भरभरून निर्माण होत असताना, खाली फ्रीज आणि एखादा पंखा एवढेच काय ते चालू असते.

यावर जाणकार वाचक म्हणतील की नेट मीटर याचसाठी तर आहे. दुपारची शिल्लक वीज जाळ्यात जमा करावी आणि रात्री तेवढीच परत घ्यावी. हा आक्षेप योग्य आहे. निव्वळ नेट मीटर पद्धतीत युनिटास युनिट वळते होत असेल, तर गिझर पहाटे लावला काय किंवा दुपारी लावला काय, बिलात फरक पडत नाही. विजेच्या नियमांतही या जमाव्यवहाराला ‘बँकिंग’ असेच म्हणतात, हे आपल्या वाचकांस गमतीचे वाटेल. परंतु बँकेतील ठेवीच्या अटी बदलतात, तशा याही बदलू शकतात. शिल्लक राहिलेल्या युनिटांचा हिशेब काही राज्यांत बिलाच्या कालावधीअखेर होतो, तर काही ठिकाणी वर्षाअखेर. आणि त्यांना मिळणारा दर आपण विजेसाठी मोजतो त्या दरापेक्षा सामान्यतः बराच कमी असतो.

दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत सुधारणा करून वेळेनुसार वीजदराची रचना आणली. सूर्यप्रकाशाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि सर्वाधिक मागणीच्या वेळी घरगुती ग्राहकांसाठी किमान १० टक्के अधिक, असे तिचे सूत्र आहे. शेती वगळता सर्व ग्राहकांना ती १ एप्रिल २०२५ पर्यंत लागू करावी, असे ठरले होते. प्रत्यक्ष अंमल मात्र राज्यांचे नियामक आयोग आणि स्मार्ट मीटर यांवर अवलंबून आहे. दिशा स्पष्ट आहे. देशाची सौर क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॉटच्या पुढे गेली. दुपारच्या विजेची तूट नाही, ओढाताण होते ती सूर्यास्तानंतर. दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट यांना कायम एकच मोल राहील, या गृहीतकावर अनेक वर्षांच्या कर्जाचा हिशेब बेतणे मला धाडसाचे वाटते.

तेव्हा कामांच्या वेळा बदलणे आले. येथेही सरसकट उपदेश उपयोगाचा नाही. पाण्याचा पंप दुपारी चालवा, हा सल्ला सर्वांच्या तोंडी असतो. तो चुकीचा नाही, पण दिवसाकाठी अर्धा तास चालणारा लहान पंप खातो तरी किती? खरी वीज उष्णता निर्माण करण्यात जाते. पंचवीस लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे सव्वा युनिट लागते. ज्यांना संध्याकाळी स्नान चालते त्यांनी तीन वाजता गिझर लावावा. चांगल्या टाकीत पाणी काही तास गरम राहते. कडधान्ये शिजविणे, इस्त्री, घरघंटीवरील दळण ही कामेही दुपारची होऊ शकतात. (घरघंटीच्या आवाजाने ज्येष्ठांची वामकुक्षी मोडते, ही तक्रार मी स्वतः ऐकली आहे. दळण अकरा वाजता काढावे, हा त्यावरील तोडगा.)

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. कामे दुपारी करावीत, पण एकाच वेळी करू नयेत. गिझर दोन हजार वॉटचा, इंडक्शन शेगडी अठराशेची, इस्त्री हजाराची. तिन्ही एकदम लावली तर ४,८०० वॉट होतात. तीन किलोवॉटचा संच ऐन दुपारीही एवढे देत नाही. उरलेली वीज बाहेरूनच येते. तीच कामे एकामागून एक केली तर बहुतांश छतावरच भागतात.

आता कळीचा मुद्दा. हे वेळापत्रक पाळायचे कोणी? कर्जाच्या अर्जावर सही बहुधा घरातील पुरुषाची असते आणि दुपारी घरात असते ती गृहिणी किंवा वृद्ध आई. ‘अकरा ते दोन यंत्रे चालव’ असे सांगून कार्यालयात निघून जाणे सोपे आहे. तिच्या दिवसातील विसाव्याचे तेवढेच तीन तास असतात. विजेची बचत तिच्या विश्रांतीतून वसूल होत असेल तर तो व्यवहार मला मान्य नाही. धुलाई यंत्राला उशिरा सुरू होण्याची सोय असते, गिझरला टायमर बसविता येतो. यंत्रे घरी कोणी नसतानाही ठरल्या वेळी कामास लागू शकतात. इस्त्री आणि दळण रविवारी दुपारी सर्वांनी मिळून करावे. पुरुषांनी इस्त्री शिकण्यास वयाची अट नाही.

रात्रीच्या वातानुकूलनाला मात्र या सर्वांत उत्तर नाही. दीड टनी यंत्र उन्हाळ्याच्या रात्री सात-आठ युनिट सहज घेते. चार वाजताच खोली थंड करून ठेवल्यास थोडा भार उतरतो, एवढेच. बॅटरी हा उपाय आहे, पण तिची किंमत हिशेबात धरली तर हप्त्याचे चित्र पालटते. शिवाय बॅटरीविना असलेला नेहमीचा संच वीजपुरवठा खंडित होताच बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी तशी योजना केलेली असते. संचासोबत ‘इन्व्हर्टर’ येतो म्हणून दिवे जाणार नाहीत, असे समजणारे ग्राहक मला वारंवार भेटतात. शब्द तोच असला तरी घरातील बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर निराळा.

म्हणून माझी सूचना अशी की, अर्ज करण्यापूर्वी ग्राहकाने एक आठवडा सकाळी नऊ, सायंकाळी पाच आणि रात्री दहा वाजता मीटरचे आकडे वहीत लिहावेत आणि ते पान अर्जासोबत आणावे. आम्हा अधिकाऱ्यांनीही ते मागावे. माझ्या घरी आम्ही हे केले, तेव्हा तीन किलोवॉटचा बेत दोनवर आला.