खेळाची वही कोणाच्या ताब्यात?

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांना मज्जाव केला आणि ई-क्रीडेला मात्र रीतसर क्रीडेचे स्थान दिले. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या लोकलमध्ये मोबाइलवर मान घालून बसलेल्या तरुणांकडे आजवर उपहासाने पाहणाऱ्यांना हे रुचो वा न रुचो, ते झाले आहे. परंतु क्रीडा म्हटली की तिची नोंद आली. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झालेल्या एखाद्या रणजी सामन्याचे गुणपत्रक कोणीही उघडावे आणि कोण किती धावांवर बाद झाला ते वाचावे. संगणकावरील सामन्याची वही कोणास वाचता येते?

ही वही म्हणजे 'रिप्ले फाइल'. ती चित्रफीत असते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पुष्कळ खेळांत तसे नसते. ध्वनिमुद्रिका आणि भातखंडे यांची स्वरलिपी यांत जे अंतर, तेच येथे आहे. ध्वनिमुद्रिकेत प्रत्यक्ष गाणे असते. स्वरलिपीत केवळ खुणा असतात व त्या वाचणारा गवई लागतो. डिसेंबर 1993 मध्ये आलेल्या 'डूम' या खेळाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या फाइलीत खेळाडूने कोणती कळ केव्हा दाबली एवढेच सेकंदाला 35 वेळा, दर वेळी 4 बाइटांत नोंदलेले असते. म्हणजे एका खेळाडूचा तासाभराचा खेळ सुमारे पाच लाख बाइटांत मावतो. राक्षस कोठून आले, गोळी कोणास लागली, यांतले काहीही त्यात लिहिलेले नसते. ते सारे मूळ प्रोग्रामने पुन्हा घडवावयाचे. खेळातील नशिबाचा भागही 256 आकड्यांच्या ठरावीक कोष्टकातून येत असल्यामुळे तो तंतोतंत तसाच घडतो. मात्र प्रोग्रामच्या नियमांत किंचित बदल झाला, की जुन्या नोंदीतला शूर वीर भिंतीवर डोके आपटीत राहतो! काही खेळ कळांऐवजी सर्व्हरकडून आलेले संदेश साठवितात. तेही वाचावयास बहुधा तोच खेळ लागतो.

यावर चित्रफितीत रूपांतर करून ठेवण्याचा उपाय सांगितला जातो. पाहण्यापुरता तो ठीक आहे. परंतु दुधाचे दही होते, दह्याचे दूध होत नाही. चित्रफितीवरून दाबलेल्या कळांचा नेमका हिशेब परत मिळत नाही आणि दुसऱ्या बाजूने प्रसंग पाहण्याची सोयही जाते.

ज्या 1993 साली 'डूम' आला, त्याच साली स्टीव्हन एडवर्ड्स यांनी बुद्धिबळाच्या डावांसाठी पीजीएन ही लेखनपद्धती सिद्ध केली. ती साध्या अक्षरांत असते आणि कोणाच्याही मालकीची नाही. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, त्या डावांची नोंद घेऊन डोंबिवलीतला शाळकरी मुलगा लाकडी पटावर तो डाव मांडू शकतो. त्यासाठी त्याला कोणत्याही कंपनीची परवानगी लागत नाही.

ई-क्रीडेत मात्र खेळाडूचा घाम त्याचा आणि वही कंपनीची, असा व्यवहार आहे. पबजीवर 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली. जुलै 2021 मध्ये तो नव्या नावाने परतला, जुलै 2022 मध्ये पुन्हा हटविला गेला आणि मे 2023 मध्ये पुन्हा आला. मैदानच असे येत-जात असेल, तर त्यावरील खेळाच्या नोंदीचा भरवसा काय? एखाद्या खेळाडूवर लबाडीचा आरोप आला, तर त्याचा खरा साक्षीदार ही फाइलच. आणि ती उघडण्याची किल्ली त्याच्याजवळ नसते.

फाइलीची रचना उघड केली तर व्यापारी गुपित फुटेल, असा आक्षेप घेतला जाईल. 'डूम'च्या निर्मात्यांनी 1997 मध्ये प्रोग्रामची संहिताच प्रसिद्ध केली. त्यामुळे इतरांनी केलेल्या आवृत्त्यांत जुने नियम जपले गेले आणि तेव्हाच्या नोंदी आजही चालतात. त्या खेळाची विक्रीही थांबली नाही. येथे तर संहिता नव्हे, केवळ वहीची लिपी मागावयाची आहे. ई-क्रीडेच्या स्पर्धांसाठी मार्गदर्शक तत्त्वे व मानके ठरविण्याचा अधिकार नव्या कायद्याने केंद्र शासनाला दिला आहे. नोंदणीकृत स्पर्धेत खेळविल्या जाणाऱ्या खेळाच्या रिप्ले फाइलीची रचना प्रसिद्ध असावी, आणि सामन्याची फाइल दोन्ही संघांच्या हाती त्याच दिवशी पडावी, ही दोन कलमे त्यांत घालण्यास सरकारी तिजोरीतून फारसा खर्च येणार नाही.