पिकअप मागून उंच असते ती उगीच नव्हे



बेणं, खताची पोती, दुधाचे कॅन, भाजीपाला. आज आपला निम्मा संसार पिकअपवर चालतो. गाडी घरची झाली म्हणजे पोरांची हौस तिच्यावर चढणारच. ती रंगवावी, नाव घालावं, आमची तक्रार नाही. पण मागचे पाटे काढून, किंवा पाट्यांखालचा ॲक्सल पाट्यांवर चढवून गाडी मागून खाली बसवण्याची जी टूम निघाली आहे, तिला आमचा साफ विरोध आहे.

रिकामी पिकअप मागून उंच दिसते, कारण ती ओझं धरून बांधलेली असते. माल पडला की पाटे दबतात आणि गाडी सपाट येते. रिकामीच सपाट केली तर भरल्यावर आणखी खाली जाणार. मग खड्ड्यात ॲक्सल रबरी ठोकळ्यावर आदळतो, तोंड वर होतं आणि दिव्यांचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

याहून मोठी गोष्ट ब्रेकची. बऱ्याच पिकअपमध्ये चासी आणि मागचा ॲक्सल यांना जोडणारी एक दांडी असते व तिच्यावर ब्रेकचा व्हॉल्व्ह चालतो. अंतर कमी झालं की गाडी भरली असं धरून तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी नुसती बसवली तरी तो तसाच फसतो. बाजारात माल उतरवून रिकामी परतताना घाटात, पावसात जोरात ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. उलट, जादा माल भरायला पाटे वाढवले तर भरली गाडीही उंच राहते आणि मागचा ब्रेक कमी पडतो. पाट्यांची उंची हा त्या व्हॉल्व्हचा वजनकाटा आहे. उसाच्या काट्यात गफलत झाली तर आपण गप्प बसत नाही. मग इथं स्वतःच का करावी?

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कोणी म्हणेल, खाली बसवली की पोती चढवायला सोपं जातं. खरं आहे. पण त्यासाठी बांधाच्या कडेला हौद्याच्या उंचीचा दगडमातीचा धक्का घालावा. एकदाचा खर्च, आणि गाडीला हात लावायला नको.

ज्यांनी असा बदल केला असेल त्यांनी पाटे पूर्ववत करून घ्यावेत आणि व्हॉल्व्हची दांडी माहितगार मिस्त्रीकडून तपासून घ्यावी. कारखान्यासही आमची सूचना आहे की, हंगामापूर्वी ट्रॉल्यांना परावर्तक लावताना सभासदांच्या पिकअपचे पाटे व ब्रेक पाहून देण्याची सोय करावी. गाडी दिसायला कशी आहे यापेक्षा ती सांजच्याला घरी येते, हे महत्त्वाचं.