नखरा कुणाचा?

मांजर पुढ्यातल्या ताटलीचा वास घेते, मान फिरवते आणि निघून जाते. या कृतीसाठी मराठी घराने एक शब्द ठरवून ठेवला आहे : नखरे. शब्द उच्चारला की विचार संपतो. पाठोपाठ उपायही ठरलेला असतो, 'एक-दोन दिवस उपाशी ठेवा, मुकाट खाईल.' आमच्या मते हे निदान खोटे आहे आणि उपाय घातक आहे. दोहोंच्या मुळाशी वाचनाचा आळस आहे. ज्यांचा व्यवसायच वाचनाचा, त्यांनी तो करावा हे अधिक लाजिरवाणे.

आम्हीही तो केला. गेल्या पावसाळ्यात घरची मनी दोन दिवस ताटलीपाशी येई, वास घेई आणि परत जाई. 'लाडावली आहे', असा निकाल आम्ही एकमताने दिला. ती पुन्हापुन्हा येत होती याचा अर्थ तिला भूक होती, ही समोरची ओळ कुणीच वाचली नाही. तिसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी तिचा जबडा उघडून दाखवला. हिरड्या सुजून लालभडक झाल्या होत्या. ती वेदना सांगत होती आणि आम्ही तिचे स्वभावचित्र रेखाटत बसलो होतो.

माणसाला पुण्य देणारा उपवास मांजराच्या जिवावर बेततो. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि यकृत निकामी होऊ शकते. 'मुकाट खाईल' म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ठाऊक करून घ्यावे.

आपल्या भाषेनेही या गैरसमजाला खतपाणी घातले आहे. म्हणीतले मांजर डोळे मिटून दूधच पिते; बालगोष्टींतली मनीमाऊ दूधभातावर वाढते. प्रत्यक्षात पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातली साखर पचत नाही. गोडाची चव तर त्यांना कळतच नाही : ती ओळखण्यासाठी लागणारे एक जनुक मांजरांत निकामी असल्याचे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी २००५ साली दाखवले. टॉरिन हे मांसात मिळणारे द्रव्य आहारात कमी पडले तर मांजराच्या डोळ्यांतला पडदा झिजतो, हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ साली सिद्ध झाले. तेव्हा दूधपोळी नाकारणारे मांजर हट्टी नसते. आपल्या सात्त्विकतेचा हट्ट आपण त्याच्या ताटलीत वाढलेला असतो.

मग खरोखर चोखंदळ मांजरे नसतातच का? असतात. पण त्या चोखंदळपणालाही कारणे असतात. पिल्लू आईचे पाहून खायला शिकते. लहानपणी न भेटलेली चव पुढे परकी वाटते. फ्रिजमधून काढलेल्या गार अन्नाला वास येत नाही, आणि मांजर आधी नाकाने जेवते. उंदीर-चिमण्यांवर जगणाऱ्या या प्राण्याला दिवसभरात थोडेथोडे, अनेकदा खाण्याची सवय आहे. दोन वेळचे भरले ताट ही माणसाची रीत. आणि प्रत्येक नकारासरशी नवा डबा फोडणारे आपणच त्याला शिकवतो, की नकार दिला की अधिक चांगले मिळते.

यावरचे उपाय साधे आहेत. अन्न किंचित कोमट करावे. थोडे वाढावे, न खाल्लेले अर्ध्या तासाने उचलावे आणि पुढच्या वेळी तेच ताजे वाढावे. ताटली शौचाच्या पेटीपासून दूर ठेवावी. नवे अन्न जुन्यात कालवून आठ-दहा दिवसांत रुळवावे. पण नेहमी नीट खाणाऱ्या मांजराने दिवसभर तोंड लावले नाही, तर चर्चा थांबवून पशुवैद्य गाठावा.

वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना बजावतो : संहिता वाचण्याआधी विशेषण लावू नका. घरी मात्र मुक्या प्राण्याची संहिता न उघडताच त्याला 'नखरेल' ठरवतो. मनी आता मऊ, कोमट अन्न खाते. ती बरी झाली, यात आमच्या शहाणपणाचा वाटा नाही. तिसऱ्या दिवशी आम्हांला भीती वाटली, एवढेच. तुम्ही भीतीची वाट पाहू नका. मांजराला नावे ठेवण्यापूर्वी त्याचे तोंड तपासून घ्या.