प्रमाणपत्राआधीची वर्षे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला त्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला, तो वयाच्या सहाव्या वर्षापासून. मेंदूची घडण सर्वांत वेगाने होते ती त्याच्या कितीतरी आधी. मूल मान धरत नाही, नजरेला नजर देत नाही, हाकेला वळत नाही, हे आईला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच दिसत असते. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही असाच होता’ अशी समजूत घातली जाते आणि वर्ष निघून जाते. यात घरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. शंका आली तर जायचे कुणाकडे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

हा प्रश्न मूठभर घरांचाही नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मज्जाविकासाची किमान एक अडचण जवळपास दर आठ मुलांमागे एकाला आढळली होती.

कागदावर व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. फिरत्या पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुले तपासायची आणि विकासात मागे पडलेल्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी त्याची रचना. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे तिथे एका छताखाली अपेक्षित आहेत. पण दीड वर्षाचे मूल अंगणवाडीत बसत नाही. ते आईच्या कडेवर वजनाला आणि आहाराची पाकिटे घ्यायला येते. पथक आले त्या दिवशी आई रोवणीला गेली असेल, तर गाठ पडायची ती सहा महिन्यांनी. आशाताईंच्या ठरलेल्या गृहभेटीही पंधराव्या महिन्याला संपतात. स्वमग्नतेची चिन्हे घरच्यांच्या डोळ्यांत भरू लागतात, ती बहुधा त्यानंतरच.

तपासणीत मूल सापडले तरी आमच्या गोंदिया जिल्ह्यात पुढची वाट गोंदिया शहरातून जाते. देवरीच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून मूल घेऊन शहरात यायचे, म्हणजे अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. रोवणी, धानकापणी, मोहफुले, तेंदूपत्ता या हंगामांवर ज्यांचे घर चालते, त्यांनी आठवड्याला दोन फेऱ्या मारायच्या कशा? दोन-तीनदा येऊन ते थांबतात आणि ‘पालकच सहकार्य करत नाहीत’ असा शेरा ऐकतात. बरे, नेमाने आले तरी थेरपिस्टच्या हाती मूल लागते ते अर्धा-पाऊण तास. उरलेला आठवडा ते घरीच असते. तेव्हा शिकवायचे ते घरालाच.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाचे गाव आहे. १९६९ मध्ये तिथल्या विखुरलेल्या ग्रामीण वस्तीपुढे हीच अंतराची अडचण होती. मग शिक्षिकाच आठवड्यातून एकदा घरी जाऊ लागल्या. आठवड्यापुरती मोजकी कामे आई-वडिलांना दाखवायची, पुढच्या खेपेला काय जमले ते पाहायचे, एवढी साधी पद्धत. ती पुढे अनेक देशांत गेली. इतके लांब जायचे नसेल, तर शेजारच्या गडचिरोलीकडे पाहावे. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघरी नेली आणि नवजात मृत्यू निम्म्याहून कमी केले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. आज देशभर आशाताई करतात त्या गृहभेटींचे मूळ तिथे आहे. बाळ जगवण्यासाठी जे झाडीपट्टीत जमले, ते जगलेल्या बाळाला बसते-बोलते करण्यासाठी जमणार नाही असे मानायला आम्हाला कारण दिसत नाही. कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची जी बाळे आता वाचतात, त्यांना विकासातल्या विलंबाचा धोका अधिक असल्याने ही जबाबदारी टाळताही येणार नाही.

मात्र कुटुंब केंद्रस्थानी याचा अर्थ आईच्या डोक्यावर आणखी एक बिनपगारी काम असा होता कामा नये. कुटुंबाला आधी विचारावे, तुम्हाला काय हवे? मुलाने हाताने जेवावे म्हणजे रोवणीच्या दिवसांत आजीला त्याला सांभाळता येईल, असे उत्तर आले, तर पहिला धडा तोच. आजीला आणि बापालाही त्यात घ्यावे. आणि हे बोलणे घरच्या भाषेत व्हावे. इथे कुठे गोंडी, कुठे पोवारी, कुठे छत्तीसगढी बोलली जाते. अशा घरातल्या मुलाची वाचा प्रमाण मराठीतल्या प्रश्नांनी जोखली, तर चांगले बोलणारे पोर मागे पडलेले ठरेल आणि खरोखर अडलेले ‘भाषा कळत नसेल’ म्हणून सुटून जाईल.

केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. तीत लवकर ओळख, कुटुंबाचे सबलीकरण आणि पुढची जोडणी हे सगळे आहे. पण पोषणाच्या नोंदी भरता भरता सेविकेचा दिवस सरतो. तिच्या मदतीला घरोघर फिरणारी प्रशिक्षित, पगारी विशेष शिक्षिका हवी. पैसा कुठून, हा प्रश्न येईलच. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हा निधी प्रमाणपत्र पाहून दिला जातो. दोन वर्षांच्या अडखळणाऱ्या मुलाकडे प्रमाणपत्र नसते. त्याची अडचण दिव्यांगत्व ठरेपर्यंत थांबायचे आणि मग साहित्य वाटायचे, हा उलटा कारभार आहे. विलंबाची वैद्यकीय नोंद मदतीला पुरेशी मानावी, सोबत येणाऱ्याला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी, आणि सुरुवात गोंदिया-तिरोड्यापासून न करता देवरी-सालेकशापासून करावी. जिल्हा परिषदेचे पुढचे अंदाजपत्रक मांडले जाईल, तेव्हा या खर्चाचे लेखाशीर्ष त्यात कुठे आहे, हे त्या दोन तालुक्यांच्या लोकप्रतिनिधींनी विचारलेच पाहिजे.