मुकुट नव्हे, पगडी

माझी भाची संगमनेरला कॉलेजात आहे. रात्रीची जेवणं उरकली की ती मोबाइल तांब्याला टेकवून ठेवते आणि जपानी कार्टून बघत बसते. कार्टून म्हटलेलं तिला चालत नाही, 'अ‍ॅनिमे' म्हणायचं. हल्ली 'प्रिन्सेस प्रिन्सिपल' चालू आहे. २०१७ सालची बारा भागांची मालिका, आणि २०२१पासून तिचे सिनेमे निघताहेत, 'क्राउन हँडलर' नावाचे. क्रांती होऊन एक राज्य फाटलंय, लंडनच्या मधोमध भिंत उभी आहे आणि बड्या घरच्या मुलींच्या शाळेत पाच पोरी हेरगिरी करताहेत. त्यातली एक खुद्द राजकन्या.

परवा दाजींनी तो मोबाइल पालथा घातला. "परक्या राण्यांच्या हेरांचं कौतुक! आपला बहिर्जी नाईक कोण होता ते सांग आधी." पोरगी गप्प. मी दाजींना म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी बहिर्जीच्या हजार वेषांतरांचं एक पुराण लावलं, ते मोबाइलवरच आलेलं होतं. सभासदाच्या बखरीत बहिर्जीला मोजक्या ओळी आहेत. आपल्या जिल्ह्याशी त्याचं नातं तर या दाजींना ठाऊकच नव्हतं. १६७९ साली जालना लुटून परतताना मोगली फौज पाठीवर आली, तेव्हा आडवाटांनी महाराजांना अकोल्याच्या पट्टा किल्ल्यावर त्यानंच सुखरूप आणलं. तिथं महाराज विसावले, म्हणून किल्ल्याचं नाव विश्रामगड. घरापासून दोन तासांवरचा गड, आणि दाजी गेलेत कुठं, तर शिर्डी आणि शिंगणापूर.

त्या मालिकेबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. तिच्यातली राजकन्या हेरांच्या बरोबरीनं जीव धोक्यात घालते. पट्ट्याच्या वाटेवर जासूद पुढं आणि राजा मागं चालला, हे खरंच. पण असा धनी शे-दोनशे वर्षांत एखादाच. एरवी गादी काय करते, ते बघायला जपानला जायची गरज नाही. संगमनेरहून लोणीच्या रस्त्याला लागायचं आणि निमगाव जाळीला उतरायचं.

त्रिंबकजी डेंगळे या गावचा. मोठा सरदार होण्याआधी तो साधा जासूद होता. १८०२मध्ये होळकराच्या धास्तीनं दुसरा बाजीराव पुणं सोडून कोकणात पळाला, तेव्हा या गड्यानं पेशव्याचं पत्र पुण्याला नेलं आणि कुणाच्या कल्पनेत नव्हतं इतक्या लवकर उत्तर घेऊन परत हजर झाला. इतिहासकार ग्रँट डफनं हे लिहून ठेवलंय. पायांच्या जोरावर माणूस वर चढला तो थेट कारभारापर्यंत. (पेशव्याला मुकुट नव्हता, पगडी होती, मुकुट साताऱ्याला कोंडलेला. पण हुकूम पगडीचा चालायचा.) तो संत नव्हता. बाजीरावाच्या मक्तेदारीच्या वसुलीत रयत पिळून निघाली, आणि पिळणाऱ्यांत हा पुढं होता. जुलै १८१५मध्ये बडोद्याचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पंढरपुरात मारला गेला, त्याचा ठपका त्रिंबकजीवर आला. शास्त्र्याला इंग्रजांची हमी होती. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन, त्यानं डोळे वटारले, आणि सप्टेंबरात बाजीरावानं आपला माणूस उचलून इंग्रजांच्या हवाली केला.

पुढचा भाग भाचीला ऐकवला तेव्हा तिनं मोबाइल बंद केला, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

त्रिंबकजीला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. एतद्देशीय शिपाई फितेल या भीतीनं पहाऱ्याला गोरे सोजीर नेमले. बंदोबस्त म्हणून बिनतोड. फक्त त्या गोऱ्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. एक मराठा मोतद्दार किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडं चाकरीला राहिला. साहेबाचा घोडा फिरवायला रोज काढायचा, त्रिंबकजीच्या खिडकीखालून न्यायचा, आणि नेताना गाणं म्हणायचा. घोडेवाला गातोय, गाऊ दे. गाण्यात मात्र सगळा बेत होता: माणसं कुठं दबा धरून आहेत, घोडा कुठं बांधलाय, कुणासाठी. पहारेकऱ्याच्या नाकासमोर, उघड्या गळ्यानं. १२ सप्टेंबर १८१६ला त्रिंबकजी पसार झाला.

त्या जपानी मालिकेतल्या हेरांना हवेत तरंगायला लावणारा हिरवा धातू लागतो. आमच्या माणसाला खरारा आणि चाल पुरली. आणि हे गाणं आज आपण वाचतो ते बिशप हेबरच्या इंग्रजी पद्यातून! मराठीत गायलं म्हणून माणूस सुटला, आणि मराठीनंच ते सांभाळलं नाही. मोतद्दाराचं नाव हेबरनं दिलं नाही. आपल्या कुणी विचारलंही नसावं.

सुटलेला जासूद डोंगरात शिरला. भिल्ल, रामोशी, मांग त्याच्याभोवती जमले. संगमनेर, नाशिक, खानदेश, महादेवाचे डोंगर, सगळीकडं त्याची माणसं. बाजीराव आतून पैसा पोचवत होता आणि वरून एल्फिन्स्टनला सांगत होता, मला काय ठाऊक तो कुठाय. मे १८१७मध्ये इंग्रजांनी सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण मागितले, तशी पगडी वाकली. त्रिंबकजीला धरून देणाऱ्यास दोन लाख रुपये आणि वर हजार रुपये उत्पन्नाचं गाव, असा जाहीरनामा निघाला. कुणाचा? पेशव्याचा. ज्याचं पत्र घेऊन हा धावला होता, त्याचा.

आता याच जिल्ह्यातला दुसरा हिशेब बघा. ऑगस्ट १८०३मध्ये वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला. हल्ला कोणत्या बाजूनं करावा हा सल्ला देण्याबद्दल भिंगारच्या देशमुखाला चार हजार रुपये मिळाले, असं गोऱ्यांच्याच गॅझेटियरमध्ये नोंदलंय. लंडनच्या मुकुटाची आपल्याकडची सेवा ही अशी, एकरकमी. किल्ला चार दिवसांत पडला. देशमुखाच्या डोक्यावर कुणी इनाम लावलं नाही. फितुरी रोखीत मिटते, इमान थकबाकीत राहतं. गरज सरो, वैद्य मरो हे आमच्या गादीनं जासुदाच्या बाबतीत अक्षरशः पाळलं.

१८१८मध्ये त्रिंबकजी निफाडजवळ अहिरगावात सापडला. त्याला गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात नेलं. हेबरनं त्याला १८२४मध्ये तिथंच बघितलं, कडक पहाऱ्यात. १८२९मध्ये तो तिथंच मेला. बाजीराव? ३ जून १८१८ला इंग्रजांच्या माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांचा तनखा ठरवून घेऊन बिठूरला गेला आणि १८५१पर्यंत जगला. बत्तीस वर्षांहून जास्त काळ, वर्षाला आठ लाख. रक्कम अडीच कोटींच्या पुढं जाते. चुनार आणि बिठूर, दोन्ही गंगेच्याच काठी.

आणि आपण काय केलं? एल्फिन्स्टनच्या दप्तरातला शिक्का उचलला आणि जसाच्या तसा आपल्या माणसावर मारला. गेल्या पावसाळ्यात एका व्याख्यानमालेच्या संयोजकांचा फोन आला. विषय विचारला. मी सांगितलं, निमगाव जाळीचा जासूद. ते म्हणाले, "सर, तो खुनी ना? वाद नको. बहिर्जी घ्या, बहिर्जीला गर्दी होते." मी म्हटलं, बहिर्जी घेतो, पण मला जेवढं ठाऊक आहे ते सांगायला दहा मिनिटं पुरतील. ते त्यांना परवडेना. दीड तासाचा मंडप होता. मग मी त्यांना ठाण्याची गोष्ट सांगितली, खिडकी, घोडा, गाणं. पलीकडं शांतता. मला वाटलं, लागलं कुठंतरी.

"हे झकास आहे, सर," ते म्हणाले. "त्रिंबकजी राहू द्या, तो घोडेवाला घेऊ. नाव काय त्याचं? आणि फोटो असेल तर पाठवा, फ्लेक्स आजच छापायला टाकायचाय."