मावळे दरवर्षी का पडतात?

मंडळी, दिवाळी संपली की तेच दृश्य. चिखल झालेला किल्ला, पिवळं पडलेलं हळीव आणि तोंडावर आपटलेले मावळे. सगळं एका पोत्यात भरून कचऱ्यात, आणि पुढच्या वर्षी नवा डझन! माझं भांडण आहे ते या नव्या डझनाशी.

मावळा पडतो कारण त्याची बैठक असते अंगठ्याएवढी. ती आपण ओल्या मातीत खुपसतो आणि वरून हळीवाला रोज पाणी घालतो. कच्ची माती विरघळेल नाहीतर काय! एच. जी. वेल्सने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम लिहून चक्क पुस्तक काढलं होतं. आज तो छंद करणारे लोक तळाशी चकती चिकटवल्याशिवाय शिपाई सहसा पटावर ठेवत नाहीत. आपल्याकडे ती चकती माळ्यावर पडलेली असते: जुन्या कॅरमची सोंगटी!

मावळा सोंगटीवर फेव्हिकॉलने बसवा. रात्रभर हात लावू नका. मग बैठकीभोवती फेव्हिकॉल लावून बारीक वाळू भुरभुरवा, खालून ऑइल पेंटचा एक हात द्या. काळ्या सोंगट्यांवर एक पक्ष, पांढऱ्यांवर दुसरा. दिवाळीनंतर बुटाच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करून ठेवा आणि प्रत्येकाच्या खाली त्याची जागा लिहा. हो, जागा. कारण खरा मुद्दा तोच आहे.

शिवरायांच्या किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस असे वेगवेगळे अधिकारी असत, म्हणजे एकट्याच्या मर्जीने किल्ला शत्रूच्या घशात जाऊ नये. (आपण ऑफिसात कोड रिव्ह्यू करतो, तो याहून वेगळा नाही.) आणि आपल्या किल्ल्यावर? बारा मावळे ग्रुप फोटोला उभे राहिल्यासारखे, दरवाजा मोकळा!

जळगावचा एक मित्र म्हणाला, "काय भो, चार दिवसांचा पोरखेळ, एवढा काय सीरियस होतो?"

सीरियस होतो, कारण आपल्या खानदेशातच थाळनेर आहे. धुळे जिल्ह्यात, तापीच्या काठावर. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी हा मुलूख इंग्रजांना दिला. किल्लेदार तुळशीराम मामाने मात्र किल्ला सोडला नाही. फेब्रुवारीत हिस्लॉपची फौज आत शिरली, दरवाज्यात गोंधळ उडाला, इंग्रजांचे अधिकारी पडले, आणि मग आतल्या सुमारे ३०० माणसांची कत्तल झाली. किल्लेदाराला फासावर दिलं.

जळगाव-धुळ्याच्या पोरांनी रायगड जरूर करावा, पण एकदा थाळनेरही करून बघावा. कुठल्या दरवाज्यावर किती माणसं, किल्लेदार कुठे, फौज कुठून आली... सोंगट्या मांडायला घेतल्या की पोरगं आपण होऊन विचारतं, "मामा, तह झाला होता तर मग लढले का?" हा प्रश्न बाजारातला तयार प्लास्टरचा किल्ला विचारायला लावत नाही. पडलेला मावळा तर नाहीच नाही.

असो. कॅरम शोधा. आणि स्ट्रायकर वाया घालवू नका, त्यावर हत्ती बसतो!