सात डोमेन आणि एक आत्या

मार्च महिन्यात दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. टॅक्स वाचवण्यासाठी पावत्या शोधणारी आणि वर्षभर पैसे गेले कुठे ते शोधणारी. मी अर्थातच दुसऱ्या गटातली. गेल्या वर्षी मार्चमध्ये कार्डाचं स्टेटमेंट घेऊन बसले आणि लक्षात आलं, की आपल्या नावावर घर नाही, गाडी नाही, पण सात डोमेन आहेत!

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो आपण 'विकत घेतला' म्हणतो, पण खरं तर ते भाडं असतं. डॉट कॉमचं भाडं एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचं भरता येतं. कायमचं काही नाही. आणि मंडळी, हे घ्यायची वेळ बहुतेकांची सारखीच असते. रात्रीचे साडेअकरा, डोक्यात भन्नाट आयडिया आणि स्क्रीनवर 'हे नाव उपलब्ध आहे!' पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. दुसऱ्या वर्षी हजार-बाराशे, वर जीएसटी. तोवर आयडिया विझलेली असते, भाडं चालूच!

माझी यादी ऐका. एक माझ्या स्वतःच्या नावाचं. एक जिमच्या ब्लॉगसाठी (जिम तीन आठवडे, ब्लॉग शून्य). एक मैत्रिणीबरोबर कोथरूडमध्ये कॅफे काढणार होतो त्याचं. एक लग्नाच्या फोटोग्राफर्सच्या डिरेक्टरीचं. एक देवनागरीतलं, डॉट भारतवालं. २०१४ मध्ये हे सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते, पुढे कमवायला लागल्यावर हौस भागवली. एक बड्या ब्रँडच्या नावाला 'पुणे' जोडलेलं. आणि सातवं आत्याचं.

मग मी तेच केलं जे कुठलीही शहाणी मुलगी करेल. स्वतःच्या नावाचं ठेवलं आणि बाकी सहांचं ऑटो-रिन्यूअल बंद केलं. वर्षाला सातेक हजार वाचले म्हणून त्या रात्री स्वतःला बिर्याणीची ट्रीटही दिली.

मे महिन्यात सांगलीहून आत्याचा फोन.

"अगं, माझ्या मेलवर काहीच येत नाहीये. कुरिअरवाल्यांचा ओटीपीपण तिथेच येतो. नेट गेलंय का तुमच्या पुण्याचं?"

नेट नव्हतं गेलं. मीच घालवलं होतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आत्याने घरून मेतकूट, भाजणी आणि लसणाची चटणी विकायला सुरुवात केली, तेव्हा हौसेने मीच तिला डोमेन घेऊन दिलं होतं. वेबसाइट कधी झालीच नाही, तिच्या ऑर्डर्स व्हॉट्सअ‍ॅपवरच यायच्या. म्हणून माझ्या लेखी ते डोमेन 'पडून' होतं. पण त्यावर मी तिला एक मेल आयडीही करून दिला होता. तो मी विसरले, आत्या विसरली नाही. बँकेत तोच दिला, कुरिअरला तोच, पेमेंट घ्यायच्या अ‍ॅपला तोच. आणि पाकिटांवरच्या लेबलांवरही तोच, दोन हजार छापलेली!

मुदत संपली की काय होतं हे मी त्या दिवशी शिकले. डॉट कॉम लगेच हातचं जात नाही. आधी काही दिवस सवलत असते, कंपनीनुसार कमीजास्त, फार तर ४५ दिवस. या काळात नेहमीच्या दरात परत मिळतं. त्यानंतरचे ३० दिवस 'रिडेम्प्शन'चे, म्हणजे गहाण पडलेल्या दागिन्यासारखे. सोडवता येतं, पण दंड भरून. मग शेवटचे ५ दिवस कुणीच काही करू शकत नाही आणि नंतर ते नाव जगात कुणालाही मोकळं. आम्ही रिडेम्प्शनमध्ये होतो. साडेसात हजार गेले. म्हणजे वाचवले त्यापेक्षा जास्त!

पण पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने घाम फुटला. आत्याने अजून महिनाभर फोन केला नसता तर? ते नाव कुणी अनोळखी माणसाने घेतलं असतं, त्यावर तोच मेल आयडी बनवला असता आणि आत्याच्या एखाद्या अकाउंटवर जाऊन 'पासवर्ड विसरलात?' दाबलं असतं. पासवर्ड बदलायची लिंक सरळ त्याच्या हातात. त्यासाठी हॅकिंगबिकिंग काही यावं लागत नाही.

आणि विसरणारे आपण एकटेच नाही बरं का. १९९९ च्या डिसेंबरमध्ये खुद्द मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉमचं भाडं भरायला विसरली आणि हॉटमेलवाल्यांची पंचाईत झाली. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रॅमरने पदरचे ३५ डॉलर भरले!

तर आता, पडून असलेल्या डोमेनचं करायचं काय? पोळल्यानंतरचा माझा हिशोब असा.

जे नाव सोडायचंय, त्यावरचे मेल आधी सोडवा. कुठेकुठे तो आयडी दिलाय त्याची यादी करा आणि तिथे दुसरा टाका. शक्य असेल तर आणखी एक वर्ष भाडं भरा आणि त्या नावावर येणारं प्रत्येक मेल एकाच ठिकाणी जमा होईल अशी सोय करा. त्याला 'कॅच-ऑल' म्हणतात. वर्षभरात कोण कोण दार ठोठावतंय ते कळतं. कुणीच नाही आलं, तर खुशाल सोडा. माझी जिम तशीच गेली.

विकायचंय? सेडो किंवा आफ्टरनिकसारख्या ठिकाणी किंमत लिहून ठेवा. पण व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेलं म्हणून आपलं फोटोग्राफर डिरेक्टरीवालं लाखाला जाईल असं नाही. मी तीन हजार लिहिलेत, अजून कुणी विचारलेलं नाही. आणि 'आधी अमुक साइटवरून किमतीचं सर्टिफिकेट विकत घ्या' म्हणणारा गिऱ्हाईक भेटला तर समजा, गिऱ्हाईक तुम्हीच आहात. पैसे एस्क्रोमध्ये जमा झाल्याशिवाय ट्रान्स्फरचा कोड द्यायचा नाही.

ब्रँडवालं नाव विकायला मात्र जाऊ नका. दिल्ली हायकोर्टाने १९९९ मध्येच 'याहू इंडिया' घेऊन बसलेल्याला रोखलं होतं आणि डोमेनलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं हे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सांगितलंय. माझं ते मी गुपचूप सोडून दिलं.

कॅफेचं मैत्रिणीला दिलं. ती आता खरंच कॅफे काढतेय, माझ्याशिवाय. थोडं लागलं मनाला, पण नाव तरी वापरात आलं. आणि डॉट भारतवालं माझ्या नावाच्या साइटकडे वळवलंय. तेवढी हौस चालते.

जी ठेवायचीत त्यांचं ऑटो-रिन्यूअल चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाल्यावर कार्डावरून आपोआप होणारी बरीच पेमेंट्स अडकली होती. कॅलेंडरमध्ये एक तारीख टाकाच.

राहिलं आत्याचं. ते मी तिच्या नावावर, तिच्या अकाउंटमध्ये हलवलं आणि पाच वर्षांचं भाडं भरलं. पासवर्ड तिने डायरीत लिहिलाय, दूधवाल्याच्या हिशोबाच्या पानावर. मी सॉरी म्हणाले, तर म्हणते कशी, "अगं, मला वाटलं माझंच आहे ते. तुझ्या नावावर आहे हे तू कुठं सांगितलंस?"

खरंय. मी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा आज रात्री साडेअकराला नवं नाव शोधण्याऐवजी जुन्या नावांची यादी उघडा. 'याचा मला काय उपयोग?' हे नंतर विचारा. आधी विचारा, हे नाव आणखी कुणी वापरतंय का?